संप्रेरकें आणि फुप्फुसाचा कर्करोग

कर्करोगाचें नांव निघालें कीं मनापुढें प्रथम तंबाखू उभी राहते, आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचें नांव निघालें कीं विडी आणि सिगारेट. हें योग्यच आहे. नाशिकपासून दोन घटकांच्या अंतरावर असलेल्या सिन्नरला, जेथें विड्या वळण्याच्या धंद्यावर पिढ्यान्‌पिढ्या कुटुंबें पोसलीं गेलीं, तेथें तर तंबाखूचा महिमा कोणी कोणास सांगावयास नको. परंतु कर्करोगाच्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयांत चार दिवस बसलें, तर अशी एखादी स्त्री दिसल्याशिवाय राहत नाहीं, कीं जिनें जन्मांत विडी ओढलेली नाहीं, जिच्या घरांतही कोणी ओढीत नाहीं, आणि तरीही छातीच्या क्षकिरण-चित्रांत तिच्या फुप्फुसावर डाग उमटलेला आहे. आपल्या देशांत हा रोग होणाऱ्या स्त्रियांपैकीं पुष्कळशा अशाच, धूम्रपान न करणाऱ्या असतात. मग ही गांठ आली कोठून ? आणि तिच्यावर उपाय करतांना, पुरुषाच्या व स्त्रीच्या शरीरांत जो मूळचाच भेद आहे, त्याचा कांहीं विचार करावयाचा कीं नाहीं ?

या प्रश्नाचें उत्तर शोधीत जातांना संप्रेरकांचा इतिहास चाळावा लागतो. तो इतिहास फुप्फुसापासून सुरू होत नाहीं. तो सुरू होतो गाईम्हशींच्या दुधापासून, आणि त्याचा एक महत्त्वाचा अध्याय मुंबईंत, परळला, एका मराठी विदुषीच्या हातून लिहिला गेला आहे.

प्रथम शब्दाविषयीं थोडेंसें. १९०२ सालीं लंडनमध्यें अर्नेस्ट स्टार्लिंग आणि त्याचा मेहुणा विल्यम बेलिस या दोघांनीं एक प्रयोग केला. आंतड्याकडे जाणाऱ्या मज्जातंतु तोडून टाकल्या, तरीही आंतड्यांत आम्ल पदार्थ गेला कीं स्वादुपिंडांतून पाचक रस वाहूं लागे. निरोप पोंचविणारी तार तोडलेली, आणि निरोप तर पोंचतो ! तेव्हां तो रक्तांतून जात असला पाहिजे. आंतड्याच्या अस्तरांत तयार होणारा तो पदार्थ त्यांनीं वेगळा केला, आणि १९०५ सालीं स्टार्लिंगनें आपल्या व्याख्यानांत अशा सर्व पदार्थांना ‘हार्मोन’ असें ग्रीक धातूवरून साधलेलें नांव दिलें. त्या धातूचा अर्थ चेतविणें, प्रवृत्त करणें. मराठींत आधीं ‘अंतःस्राव’ हा शब्द चालत असे; पुढें ‘संप्रेरक’ रूढ झाला. माझ्या मतें हा दुसरा शब्द मूळ ग्रीक शब्दाहूनही नेमका आहे, कारण हे पदार्थ स्वतः कांहीं काम करीत नाहींत. ते दुसऱ्यास कामास लावतात.

गंमत अशी, कीं या पदार्थांना नांव मिळण्यापूर्वींच एका शस्त्रवैद्यानें त्यांच्याविरुद्ध उपाय योजून पाहिला होता. स्कॉटलंडमधील ग्लासगोचा जॉर्ज बीट्सन याला तरुणपणीं दुग्धोत्पत्तीच्या विषयावर प्रबंध लिहावा लागला होता. कांहीं देशांतील शेतकरी गाय व्याल्यावर तिच्या बीजकोशांचें छेदन करतात आणि मग ती दीर्घकाळ दूध देत राहते, ही गोष्ट त्याच्या वाचनांत आली. बीजकोश ओटीपोटांत, दूध येतें कांसेंत, दोहोंना जोडणारी कोणतीही मज्जातंतु सांपडत नाहीं. तरी एकावर केलेल्या शस्त्रक्रियेचा परिणाम दुसऱ्यावर दिसतो. स्तनाच्या कर्करोगांतही पेशींची अशीच बेसुमार वाढ असते, तेव्हां येथेंही बीजकोशांचीच कांहीं सत्ता चालत असेल काय, असा त्याला प्रश्न पडला. १८९५ च्या जूनमध्यें, ३३ वर्षांच्या एका स्त्रीवर, जिच्या स्तनाचा कर्करोग शस्त्रक्रियेनंतर पुन्हां पसरला होता, त्यानें बीजकोश काढून टाकण्याची क्रिया केली. आठ महिन्यांनीं तिच्या छातीवरील गांठींचा मागमूस उरला नव्हता. १८९६ सालीं त्यानें हें वृत्त ‘लॅन्सेट’ पत्रांत छापलें. ती स्त्री पुढें सुमारे चार वर्षें जगली. नंतर रोगानें पुन्हां डोकें वर काढलें. कर्करोगाच्या गांठीला जगण्यासाठीं शरीरांतील दुसऱ्या एखाद्या ग्रंथीचा आश्रय लागूं शकतो, आणि तो आश्रय काढून घेतला तर ती वाळते, हें त्या दिवशीं प्रथम दिसलें.

त्यानंतरचीं चाळीस वर्षें उंदरांचीं आहेत. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स प्रांतांत ॲबी लॅथ्रॉप नांवाची एक बाई हौसेखातर पाळावयाचे उंदीर वाढवून विकीत असे. तिच्या उंदरांच्या अंगावर गांठी येऊं लागल्या, तेव्हां तिनें त्या लिओ लोब या विकृतिशास्त्रज्ञाकडे धाडल्या, आणि १९१६ सालीं दोघांनीं मिळून दाखविलें कीं मादीचे बीजकोश लहानपणींच काढले तर स्तनांतील गांठींचें प्रमाण पुष्कळ घटतें. १९३२ सालीं पॅरिसच्या आंत्वान लाकासान्य यानें उलट दिशेनें जाऊन नर उंदरांस स्त्री-संप्रेरक टोंचलें, आणि नरांच्या अंगावर स्तनाचा कर्करोग उत्पन्न केला. १९३६ मध्यें जॉन बिटनर यानें आणखी एक कोडें पुढें मांडलें. ज्या वाणांत रोग सर्रास होतो त्या वाणाचीं पिल्लें जन्मतःच निरोगी वाणाच्या मादीच्या अंगावर पाजलीं, तर त्यांचा रोग कमी होतो; म्हणजे आईच्या दुधांतून कांहींतरी उतरत असलें पाहिजे. तें ‘कांहींतरी’ म्हणजे एक विषाणु होता, हें पुढें सिद्ध झालें. (येथें घाईनें एक खुलासा करतों : ही उंदरांची गोष्ट आहे. मनुष्यांत स्तनाचा कर्करोग आईच्या दुधांतून बाळास होत नाहीं, आणि या भीतीनें कोणीही अंगावर पाजणें सोडूं नये.)

अशा रीतीनें आनुवंशिकता, संप्रेरक आणि विषाणु हीं तीन कारणें एकाच उंदराच्या शरीरांत गुंतलेलीं दिसूं लागलीं. तीं एकमेकांशीं कशीं वागतात, हें मात्र उकललेलें नव्हतें. येथें आपली मुंबई या इतिहासांत प्रवेश करते.

१९३१ सालीं लेडी मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगानें विलायतेंत वारल्या, आणि पुढच्याच वर्षीं त्यांचे पति सर दोराबजीही गेले. त्यांच्या विश्वस्त निधींतून परळला उभारलेलें टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. त्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हातीं आल्या. खानोलकर लंडन विश्वविद्यालयाचे एम.डी.; त्यापूर्वीं मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून विकृतिशास्त्र शिकवीत असत. त्यांच्यापुढें दोन मार्ग होते. रुग्णांच्या गांठींचे तुकडे तपासून अहवाल द्यावेत आणि दिवस काढावा, हा एक; आणि हा रोग मुळांत कां होतो याचा शोध आपल्याच देशांत, आपल्याच लोकांच्या चालीरीति व खाणेंपिणें तपासून घ्यावा, हा दुसरा. त्यांनीं दोन्ही केलें. निरनिराळ्या जातिजमातींच्या तंबाखूच्या संवयी आणि त्यांना होणारे तोंडाचे व घशाचे कर्करोग यांचा संबंध त्यांनीं जुळवून दाखविला. आणि त्याच वेळीं, जेथें साध्या औषधांचीही वाण पडावी अशा त्या महायुद्धाच्या दिवसांत, शुद्ध वाणाचे उंदीर पाळून मूलभूत संशोधन करण्याचा घाट घातला. गरीब देशाला हे चोचले कशाला, असें तेव्हांही लोक म्हणाले असतील, आजही म्हणतात. त्या उंदरांपासून काय निघालें, तें पाहूं.

त्यांच्या हाताखालीं काम करावयास आलेल्या कमल रणदिवे या मूळच्या पुण्याच्या समर्थ. जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयांत जीवशास्त्राचे अध्यापक. मुलींनीं शिकावें, आणि उत्तम शिकावें, असा त्यांचा आग्रह. कमल हुजूरपागेंत शिकली, फर्ग्युसनमधून पदवीधर झाली. वडिलांची इच्छा अशी, कीं तिनें डॉक्टर व्हावें आणि डॉक्टराशींच लग्न करावें. यांतलें कांहींच झालें नाहीं. १९३९ सालीं तिनें गणिताचे अभ्यासक जयसिंग त्रिंबक रणदिवे यांच्याशीं विवाह केला, आणि १९४३ सालीं पुण्याच्या कृषि महाविद्यालयांतून, सीताफळ-रामफळाच्या कुळांतील वनस्पतींच्या पेशींवर अभ्यास करून एम.एस्‌सी. केलें. सीताफळापासून कर्करोगापर्यंतचा हा प्रवास विचित्र दिसतो, पण तो तसा नाहीं. वनस्पतीच्या असोत वा प्राण्याच्या, पेशी वाचावयास ज्याची नजर शिकली, त्याला पुढचें पुस्तक कोणतेंही चालतें.

मुंबईस आल्यावर टाटा रुग्णालयांत काम करीत असतां कमलाबाईंनीं खानोलकरांच्या मार्गदर्शनाखालीं १९४९ सालीं मुंबई विश्वविद्यालयाची पीएच.डी. मिळविली. नंतर अमेरिकेंत बाल्टिमोर येथें जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेंत त्या शरीराबाहेर, कांचेच्या नळ्यांत पेशी जिवंत ठेवून वाढविण्याची विद्या शिकल्या. जगप्रसिद्ध ‘हेला’ पेशी १९५१ सालीं ज्यांनीं वाढविल्या तेच हे गे. परत आल्यावर, १९५२ सालीं खानोलकरांनीं स्थापन केलेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत, कमलाबाईंनीं देशांतील पहिली पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली.

त्यांच्या ज्या कामाचा आपल्या विषयाशीं संबंध आहे, तें उंदरांच्या चार वाणांवरचें. या चार वाणांत स्तनाचा कर्करोग होण्याची प्रवृत्ति कमीजास्त. सर्वसाधारण संशोधक गांठ आल्यावर ती कापून पाहतो. कमलाबाईंनीं विचारलेला प्रश्न निराळा होता : गांठ येण्यापूर्वीं, निरोगी असतांनाच, या चार वाणांच्या स्तनग्रंथींत कांहीं फरक दिसतो काय ? ज्या जमिनींत पुढें विषवल्ली उगवणार आहे, ती जमीन आधींच वेगळी असते काय ? यासाठीं ग्रंथींची रचना, तिच्यावर चालणारी संप्रेरकांची सत्ता, पिल्लें होण्याचा इतिहास आणि दुधांतून आलेला विषाणु, या सर्वांचा एकत्र विचार करावा लागला. शरीराची रोगप्रवणता ही संप्रेरक आणि विषाणु यांच्या परस्परक्रियेवर अवलंबून असते, हें ओळखणाऱ्या जगांतील पहिल्या कांहीं संशोधकांत त्यांची गणना होते. १९६४ सालीं भारतीय वैद्यक परिषदेचें पहिलें रौप्यमहोत्सवी संशोधन पारितोषिक, सुवर्णपदक आणि पंधरा हजार रुपये, त्यांना मिळालें. १९८० च्या दशकांत तर उंदराच्या त्या विषाणूच्या जनुकसूत्रांत एक अशी जागाच सांपडली, कीं तिला संप्रेरक येऊन भिडलें म्हणजे विषाणु जागा होतो. कुलपाची ती भोंक दिसण्यापूर्वीं कित्येक वर्षें परळच्या प्रयोगशाळेंत किल्लीचा आवाज ऐकूं आला होता, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

१९८२ सालीं त्यांना पद्मभूषण मिळालें. निवृत्तीनंतर त्यांनीं आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास हातीं घेतला, तो आपल्या नाशिक जिल्ह्याला लागून असलेल्या अकोले तालुक्यांत. २००१ सालीं त्या निवर्तल्या. मराठी घरांतून मादाम क्यूरीचें चरित्र मुलींना वाचावयास देतात, तें चांगलेंच आहे. परंतु कमलाबाईंचें नांव किती घरांत ठाऊक आहे, हें आपलें आपणच मनाशीं विचारावें.

आतां स्तनाकडून फुप्फुसाकडे वळूं. १९५० सालीं इंग्लंडांत डॉल आणि हिल यांनीं धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध आंकड्यांनिशीं मांडला, तेव्हांपासून संशोधकांचें सारें लक्ष धुराकडे गेलें. मुंबईंत डॉ. जस्सावाला यांच्या प्रयत्नानें १९६३ सालीं कर्करोगाची नोंदणी सुरू झाली, आणि १९७९ सालीं त्यांनीं व जैन यांनीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत विडीचा धोका सिगारेटीपेक्षां कमी तर नाहींच, उलट अधिक असल्याचें आढळलें. विडी म्हणजे झाडाचें पान आणि गांवठी तंबाखू, ती काय बाधणार, ही समजूत त्यामुळें कायमची खोटी ठरली. विषयाची ही बाजू इतकी परिचित आहे कीं मी तिच्यापाशीं थांबत नाहीं.

कमी परिचित गोष्ट ही, कीं फुप्फुसाची गांठ स्वतःच संप्रेरकें तयार करूं लागते. नाशिकरोडला सरकारचा नोटा छापण्याचा कारखाना १९२८ पासून आहे. नोट तेथेंच किंवा तशाच अधिकृत कारखान्यांत छापावयाची, इतरत्र नाहीं, हा जसा राज्याचा दंडक, तसा शरीराचाही दंडक आहे : अमुक संप्रेरक अमुकच ग्रंथीनें करावें. फुप्फुसाची गांठ हा दंडक मोडून आपल्या घरांत गुपचूप छापखाना काढते. आणि तींतून निघालेला माल इतका अस्सलासारखा असतो कीं शरीर तो बिनतक्रार वटवतें.

योगायोग पहा : नाशिकरोडचा कारखाना सुरू झाला त्याच १९२८ सालीं लंडनच्या डब्ल्यू. एच. ब्राऊन यांनीं ‘लॅन्सेट’मध्यें एका विलक्षण स्त्रीरुग्णाची हकीकत छापली. तिला मधुमेह झाला होता आणि चेहऱ्यावर दाढीसारखे केंस आले होते. मृत्यूनंतर तपासणींत तिच्या फुप्फुसांत एक लहान पेशींचा कर्करोग सांपडला. या दोन गोष्टींचा परस्परांशीं संबंध काय, हें तेव्हां कोणालाच सांगतां येईना. सुमारे तीस-पस्तीस वर्षांनीं, १९६० च्या दशकांत, अमेरिकेंतील नॅशव्हिल या गांवीं ग्रँट लिडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्याचा उलगडा केला. मेंदूच्या तळाशीं असलेली पीयूषिका ग्रंथि एक संप्रेरक सोडून मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीस कामाला लावते. फुप्फुसांतली गांठ नेमकें तेंच संप्रेरक बनवीत होती. त्यामुळें बिचाऱ्या अधिवृक्क ग्रंथि रात्रंदिवस राबत, रक्तांतील साखर व दाब वाढे, पोटॅशियम घटे, आणि रुग्णाच्या मांड्यांत उठून उभें राहण्याचीही शक्ति उरत नसे.

दुसरें उदाहरण १९५७ चें. विल्यम श्वार्ट्‌झ आणि फ्रेडरिक बार्टर यांनीं फुप्फुसाच्या कर्करोगाचे दोन रुग्ण वर्णिले, ज्यांच्या रक्तांतील मीठ, म्हणजे सोडियम, कांहीं केल्या वर येईना. शरीरांत पाणी धरून ठेवणारें जें संप्रेरक, तें येथें अनावश्यक असतांही वाहत होतें. पाणी सांठतें, मीठ पातळ होतें, आणि मेंदूच्या पेशी फुगतात. तिसरें उदाहरण कॅल्शियमचें. कांहीं रुग्णांच्या रक्तांत कॅल्शियम भलतेंच वाढतें. फुलर ऑल्ब्राइट यानें १९४१ सालींच तर्क केला होता कीं गांठच एखादा परावटू ग्रंथीच्या स्रावासारखा पदार्थ सोडीत असावी. तो पदार्थ १९८७ सालीं ऑस्ट्रेलियांतील मेलबर्नच्या संशोधकांनीं प्रत्यक्ष वेगळा केला, आणि तो वेगळा केला फुप्फुसाच्या कर्करोगाच्याच पेशींतून.

ही माहिती केवळ विद्वानांच्या करमणुकीची नाहीं. घरांतले वयस्क गृहस्थ, पूर्वीं विडी-सिगारेट ओढणारे, गेले दोन महिने खोकत आहेत. आणि आतां एकाएकीं असंबद्ध बोलूं लागले, माणसें ओळखेनासे झाले. घरचे म्हणतात, वय झालें. किंवा बाईंना सारखी तहान, सारखी मळमळ, बद्धकोष्ठ, दिवसा झांपड. घरचे म्हणतात, उन्हाळा आहे. वय आणि उन्हाळा हीं दोन्ही कारणें खरीं असूं शकतात, परंतु रक्तांतील सोडियम व कॅल्शियम मोजावयास फार खर्च येत नाहीं, आणि त्यांचा दोष असेल तर त्यावर तातडीचा उपाय असतो. मूळ गांठीवर उपचार सुरू झाला कीं हीं लक्षणें पुष्कळदां ओसरतातही. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. खोकला, ताप, वजन घटणें आणि छातीच्या चित्रांतील डाग यांवरून क्षयाचें निदान चटकन्‌ केलें जातें, कारण क्षय आपल्या अंगवळणीं पडलेला आहे. बेडक्यांत क्षयाचे जंतु न सांपडतां महिनोन्‌महिने क्षयाचीं औषधें घेणारा आणि तरीही न सुधारणारा रुग्ण पुढें कर्करोगाचा निघतो, हा प्रकार देशभर घडत आला आहे. पंचवटी एक्सप्रेसनें सकाळीं दादरला उतरून परळची वाट धरणाऱ्या किती कुटुंबांचे असे महिने आधींच वायां गेलेले असतात !

आतां प्रारंभींचा प्रश्न : स्त्री-संप्रेरकांचा आणि फुप्फुसाचा संबंध काय ? फुप्फुसाच्या पेशींवर, निरोगी तशाच कर्करोगग्रस्त, स्त्री-संप्रेरकाला, म्हणजे इस्ट्रोजेनला, प्रतिसाद देणारे ग्राहक असतात, हें प्रयोगशाळेंत दिसून आलें आहे. कांचेच्या नळींत इस्ट्रोजेन घातलें कीं अशा पेशी अधिक वेगानें वाढतात. पण नळींतली पेशी म्हणजे माणूस नव्हे. माणसांविषयींचा सर्वांत मोठा पुरावा अमेरिकेंतून आला. ऋतुनिवृत्तीनंतरचे त्रास कमी व्हावेत म्हणून इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन हीं दोन संप्रेरकें एकत्र घेणाऱ्या, आणि त्यांऐवजीं निरुपद्रवी पोकळ गोळी घेणाऱ्या, अशा एकूण १६,६०८ स्त्रियांवर एक प्रयोग चालला होता. संप्रेरकांचे इतर दुष्परिणाम दिसल्यामुळें तो २००२ सालीं थांबविण्यांत आला. २००९ सालीं त्यांतील फुप्फुसाच्या कर्करोगाचा हिशेब प्रसिद्ध झाला. रोग होण्याच्या प्रमाणांत निश्चित म्हणावा असा फरक नव्हता. पण त्या रोगानें मृत्यु आलेल्या स्त्रिया संप्रेरकें घेणाऱ्यांत ७३, आणि पोकळ गोळी घेणाऱ्यांत ४० होत्या. म्हणजे संप्रेरक ठिणगी टाकतें असें दिसलें नाहीं. पेटलेल्या आगीवर मात्र तें तेल ओततें अशी शंका बळावली. म्हणून ज्या स्त्रीनें पुष्कळ वर्षें धूम्रपान केलें आहे, तिनें अशीं संप्रेरकें घेण्यापूर्वीं वैद्याशीं हा विषय स्पष्टपणें काढावा. तथापि यावरून प्रत्येक न ओढणाऱ्या स्त्रीच्या फुप्फुसांतील गांठीचा दोष तिच्या संप्रेरकांवर लादणें चुकीचें होईल. चुलीचा आणि दगडी कोळशाचा कोंडलेला धूर, दुसऱ्याच्या विडीचा धूर, हवेंतील प्रदूषण, हीं कारणेंही तेथें हजर असतात.

शत्रूचा आश्रय तोडावयाचा, हा बीट्सनचा विचार उपचारांत कोठवर पोंचला ? १९४१ सालीं शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनीं पुरुषांच्या पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगावर तो यशस्वीपणें वापरला, आणि १९६६ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. स्तनाच्या कर्करोगावर, १९६२ सालीं तयार झालेलें टॅमॉक्सिफेन हें औषध १९७० च्या दशकांत प्रचारांत आलें. तें इस्ट्रोजेनच्या ग्राहकावर आधींच जाऊन बसतें आणि खऱ्या संप्रेरकाला जागा मिळूं देत नाहीं. मग फुप्फुसावर हाच उपाय कां करूं नये ? करून पाहिला. इस्ट्रोजेनचा ग्राहक नष्ट करणारें फुल्वेस्ट्रंट नांवाचें औषध फुप्फुसाच्या कर्करोगाच्या दुसऱ्या औषधांबरोबर देऊन पाहण्यांत आलें; पण सर्व रुग्णांचा विचार करतां निर्णायक लाभ सिद्ध झाला नाहीं. म्हणून फुप्फुसाच्या नेहमीच्या उपचारांत आज इस्ट्रोजेनविरोधी औषधांना स्थान नाहीं. ‘हार्मोनचा बिघाड दुरुस्त करून कर्करोग बरा करतों’ अशी जाहिरात कोणी केली, तर ती कशाच्या आधारावर केली, हें त्याला विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

यश आलें तें संप्रेरकाच्या एका चुलतभावाच्या वाटेनें. तेथेंही उंदीरच उपयोगी पडले, आणि गांवही पुन्हां नॅशव्हिल. (नाशिकशीं त्याचें नादसाम्य आहे, तेवढेंच.) स्टॅन्ली कोहेन या रसायनज्ञानें उंदराच्या लाळग्रंथींतील एक अर्क नवजात पिल्लांना टोंचला, तेव्हां त्यांचे डोळे नेहमीपेक्षां लवकर उघडले आणि दांतही लवकर आले. १९६२ सालीं त्यानें तो पदार्थ शुद्ध केला. संप्रेरक रक्तांतून दूरवर निरोप नेतें. हा पदार्थ शेजारच्या पेशीला ‘वाढ’ एवढाच निरोप देतो. याबद्दल १९८६ सालीं कोहेनला रिता लेव्ही-माँताल्चिनी या विदुषीसह नोबेल पारितोषिक मिळालें. या निरोपाचा ग्राहक फुप्फुसाच्या कांहीं कर्करोगांत बिघडलेला असतो, दाराची घंटा दाबलेलीच राहावी तसा. कोणी निरोप न देतांही तो ‘वाढ, वाढ’ म्हणत राहतो. हा बिघाड २००४ सालीं सांपडला, आणि तो विशेषेंकरून कोणांत आढळला ? धूम्रपान न केलेल्यांत, स्त्रियांत, आणि आशिया खंडांतील लोकांत. आपल्या देशांतील फुप्फुसाच्या ग्रंथिजन्य कर्करोगाच्या रुग्णांपैकीं सुमारे चतुर्थांशांत तो असतो. त्या बिघडलेल्या घंटेवर बोळा बसविणारी गेफिटिनिबची गोळी घरीं बसून घेतां येते.

या गोळीनें रोग मागें हटतो, पण बहुधा वर्षाच्या आंतच पुन्हां उचल खातो. तेव्हां परळच्याच टाटा रुग्णालयानें ३५० रुग्णांवर एक प्रयोग केला : अर्ध्यांना नुसती गोळी, अर्ध्यांना गोळी आणि तिच्याबरोबर शिरेंतून नेहमीचीं कर्करोगविरोधी औषधें. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत रोग आटोक्यांत राहण्याचा मध्यम काळ पहिल्या गटांत ८ महिने, तर दुसऱ्यांत १६ महिने भरला. दुसऱ्या गटाला औषधांचा त्रासही अधिक झाला, हें संशोधकांनीं लपविलें नाहीं.

त्याच रुग्णालयांतून संप्रेरकाचा आणखी एक साधा प्रयोग निघाला होता. डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं स्तनाच्या शस्त्रक्रियेपूर्वीं ५ ते १४ दिवस प्रोजेस्टरोनचें एकच, अगदीं स्वस्त टोंचण दिलें तर काय होतें, हें १,००० स्त्रियांवर पाहिलें, आणि २०११ सालीं उत्तर छापलें. सर्व स्त्रियांचा एकत्र हिशेब केला तर निश्चित फरक दिसला नाहीं. मात्र ज्यांचा रोग काखेंतील गांठींत पोंचला होता, त्यांत पांच वर्षांनंतर रोगमुक्त राहिलेल्यांचें प्रमाण शेंकडा ५४.७ वरून ६५.३ वर गेलें. परदेशी औषधनिर्मात्यांना अशा स्वस्त टोंचणांत रस नसतो, आणि म्हणूनच असे प्रयोग आपल्याच रुग्णालयांनीं करावे लागतात.

फुप्फुसाच्या रुग्णाला आज संप्रेरक मिळतच नाहीं, असें मात्र नाहीं. १९४८ सालीं प्रथम संधिवाताच्या रुग्णावर वापरलेल्या कॉर्टिझोनच्या घराण्यांतील डेक्सामेथासोन हें त्याच्या नित्याच्या औषधांत असतें : गांठ मेंदूंत पोंचली असेल तर तेथील सूज उतरविण्यास, औषधांनंतरची ओकारी थांबविण्यास, अंगावर उठणारे चट्टे टाळण्यास. अन्नावरची वासना पार गेली तर प्रोजेस्टरोनच्या जातीचें मेजेस्ट्रॉल देतात. फुप्फुसांतील कार्सिनॉइड नांवाच्या सावकाश वाढणाऱ्या गांठींत, सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाच्या नमुन्यावर घडविलेलें ऑक्ट्रिओटाइड टोंचतात, आणि तेथें खरोखरच गांठीच्या त्या चोरट्या छापखान्याला टाळें लागतें. किरणोपचारासाठीं आतां प्रत्येकाला मुंबई गांठावी लागत नाहीं. ते नाशिकमध्येंही होतात. परंतु औषध ठरविण्यापूर्वीं फुप्फुसांतून काढलेला तो लहानसा तुकडा नुसता सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून भागत नाहीं. त्यांतील ग्राहकाचें जनुक बिघडलें आहे कीं नाहीं हेंही तपासून घ्यावें लागतें. तुकडा फार लहान निघाला तर ही तपासणी राहून जाते, आणि न ओढणाऱ्या त्या स्त्रीला जी गोळी कदाचित्‌ सर्वांत अधिक उपयोगी पडली असती, ती तिच्या चिठ्ठीवर लिहिलीच जात नाहीं. नातेवाइकांनीं अहवाल हातीं आल्यावर ही तपासणी झाली काय, एवढें विचारलें तरी पुरे.